गुलामांचा ट्रेल आणि तीनशे दहा चिंचोके

पोलिसांच्या पंचनाम्यात ज्याला ‘तिरट’ म्हणतात, त्याला आमच्या धारूरच्या क्लबात नुसतं ‘खेळ’ म्हणत आणि क्लबच्या छापील घटनेत ‘सभासदांचे बौद्धिक मनोरंजन’. या बौद्धिक मनोरंजनाचा मी अठरा वर्षं पगारी व्यवस्थापक होतो. सकाळी कुलूप काढायचं, पत्त्यांचे कॅट मोजून ठेवायचे, कोपरा दुमडलेलं पान दिसलं की अख्खा कॅट बाद करायचा, भांडण झालं तर मिटवायचं आणि मिटत नसेल तर चहा मागवायचा. क्लबाला दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत टेबल. मागच्या खोलीत एकोणीसशे पुस्तकांचं वाचनालय, कारण त्याशिवाय संस्थेची नोंदणी झाली नसती. पुढच्या खोलीत गर्दी असायची, मागच्या खोलीत मी.

बाहेरच्या लोकांना वाटतं, असल्या ठिकाणी नोकरी केलेला माणूस पत्ते ओळखत असेल. पत्ते बावन्नच असतात, ते आठवड्याभरात ओळखीचे होतात. नोकरी होती माणसं ओळखायची. आणि त्यासाठी मी स्वतःला एक नियम घालून घेतला होता: खेळायचं नाही. अठरापैकी पहिली चौदा वर्षं मी एकही पान स्वतःसाठी उचललं नाही. पंधराव्या वर्षी उचललं, त्याची ही हकीकत आहे.

ज्यांनी आयुष्यात तीन पत्ती खेळली नाही (म्हणजे ज्यांनी तसं घरी सांगितलं आहे), त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. प्रत्येकाला तीन पानं मिळतात. सुरुवातीला सगळ्यांनी सारखी रक्कम मध्ये टाकायची, तिला बूट म्हणतात. मग पाळीपाळीनं चाल टाकत जायचं, नाहीतर पानं टाकून डाव सोडायचा. पानं न पाहता खेळणारा ‘बंद’. पाहून खेळणाऱ्याला बंद माणसाच्या दुप्पट टाकावं लागतं, कारण त्याला ज्ञान झालेलं असतं आणि ज्ञानाची किंमत पडते. सगळ्यात मोठी पानं म्हणजे ट्रेल, एकसारखी तीन. त्याखालोखाल एकाच रंगाची ओळीनं तीन.

या खेळात एकदा हातात आलेली पानं बदलत नाहीत. बदलतात ती समोरची माणसं. त्यामुळे वाईट पानं आली तर प्रश्नच नसतो, टाकून द्यायची. खरी पंचाईत चांगली पानं आल्यावर होते.

आमच्याकडचे आप्पा या पंचाइतीचं चालतंबोलतं उदाहरण होते. आप्पा म्हणजे गावातले जुने कापड दुकानदार, गळ्यात लिंग, डोक्यावर टोपी, माणूस सज्जन. एकदा त्यांना तीन एक्के आले. याहून मोठं पान या जगात नाही. आप्पांनी टोपी मागे सरकवली आणि पहिल्याच पाळीत चौपट चाल टाकली. टेबलावरच्या पाचही जणांनी टोपीकडे पाहिलं आणि पानं टाकली. आप्पांना मिळाला फक्त बूट.

“तीन एक्के, मॅनेजर!” ते मागच्या खोलीत येऊन म्हणाले. “जल्मात येकदा येतेत. आन् समदे पळाले. कावून पळाले सांगा बरं!”

“आप्पा, चांगलं पान आलं की तुम्ही दुकानाचं शटर धाडकन उघडता. गिऱ्हाईक दचकतं.”

“मंग काय करू?”

“अर्धंच उघडा. आत काय आहे ते त्याला वाकून बघू द्या.”

आप्पांनी मान हलवली. पुढच्या खेपेला दोन राजे आले तेव्हा त्यांनी चाल लहान टाकली, पण टोपी मागे सरकवलीच. लोक पळाले. सल्ला देणं किती सोपं होतं, हे मला त्यानंतर दोन वर्षांनी कळलं.

तोवर गावात बरंच काही नवीन आलं होतं. बसस्टँडसमोर पिवळ्या पाटीचं टेलिफोन बूथ, पानटपरीवर बाटलीतली काळी पेयं, आणि घराघरात एक नवीन तहान: केबल. आमच्या क्लबाचे एक वजनदार सभासद होते दादा. दीडशे एकर जमीन, दोन जीपगाड्या आणि कुठल्याही व्यासपीठावर मधली खुर्ची. या दादांच्या पुतण्याला केबलचा धंदा टाकायचा होता. गच्चीवर तबकडी आणि खाली यंत्रं ठेवायला खोली पाहिजे होती. दादांची नजर मागच्या खोलीवर गेली.

“पुस्तकं कोन वाचतं बे आता?” ते समितीच्या बैठकीत म्हणाले. “मॅनेजर येकटा वाचतो. त्याच्या घरी पाठवून देऊ पोत्यात भरून.”

माझं घर दोन खणांचं. एकोणीसशे पुस्तकं रद्दीतच गेली असती, आणि वाचनालय गेल्यावर व्यवस्थापकाला कशासाठी पोसायचं हाही प्रश्न पुढच्याच बैठकीत आला असता. मतदान झालं. समितीत बारा जण होते: सहा खोली द्या म्हणणारे, सहा देऊ नका म्हणणारे. दुसऱ्या बैठकीतही सहा-सहा. तिसऱ्या बैठकीत आप्पा वैतागून म्हणाले, “आता पानावरच ठरवा!”

सगळे हसले. दादा हसले नाहीत. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “मंजूर.”

मी एका जुन्या इंग्रजी मासिकात वाचलं होतं की अमेरिकेत पोकरच्या स्पर्धा होतात. सगळ्यांना सारख्या चकत्या देतात, बूट दर थोड्या वेळानं वाढवतात, ज्याच्या चकत्या संपल्या तो बाहेर. पैशाचा संबंध नाही, म्हणजे पंचनाम्याचाही नाही. मी ते समितीला सांगितलं. चकत्यांऐवजी चिंचोके ठरले, माणशी शंभर. शेवटी जो जिंकेल त्याच्या बाजूनं खोलीचा निकाल. पंच म्हणून निवृत्त मास्तर, कारण त्यांना पत्त्यांची शिसारी होती आणि नियमांची आवड. नियम मी खडूनं फळ्यावर लिहिले. त्यातले तीन महत्त्वाचे. एक, समोरचे चिंचोके चालीला पुरत नसतील तर डाव सोडायचा, उसनवारी बंद. दोन, दोघंच उरले आणि त्यातला एक बंद खेळत असेल, तर दुसऱ्याला ‘शो’ मागता येणार नाही, म्हणजे पानं उघडी करा असं म्हणता येणार नाही. तीन, खेळाडूची पानं त्यानं किंवा त्याच्या माणसानं उचलून पाहिली, की तो खेळाडू ‘पाहिलेला’.

तिसरा नियम आमच्याकडचाच. मोठ्या माणसांच्या मागे त्यांची माणसं उभी राहत आणि खांद्यावरून हळूच पानं बघत, म्हणून तो करावा लागला होता.

स्पर्धेच्या रविवारी दुपारी आमच्या बाजूचे डॉक्टर आलेच नाहीत. सकाळीच एका पेशंटला घेऊन अंबाजोगाईला गेले होते. दादांच्या माणसांनी लगेच ओरडा केला: पाच विरुद्ध सहा! मास्तरांनी फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बदली खेळाडू घेता येतो. मॅनेजर, बसा.”

“मी खेळत नाही, मास्तर.”

आप्पांनी माझ्या खांद्याला धरून मला खुर्चीत बसवलं. “आज खेळा. न्हाईतर उद्या पोती शिवा.”

बसलो, आणि पहिल्या पाच मिनिटांत एक गंमत लक्षात आली. या सगळ्यांचे चेहरे मी चौदा वर्षं पाहिले होते. दिंद्रुडचा आडत्या पान चांगलं आलं की घसा साफ करतो, ट्रॅक्टरवाला वाईट आलं की विनोद सांगतो. माझा चेहरा मात्र कुणीच पाहिलेला नव्हता. व्यवस्थापकाच्या तोंडाकडे कोण बघतं? मी पानं उचलली की ते गोंधळून माझ्या चष्म्याकडे बघत. चार वाजेपर्यंत आडत्या बाहेर गेला, ट्रॅक्टरवाला विनोद सांगता सांगता गेला, आप्पा टोपीसकट गेले. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की मला वाटलं मास्तरांना ऐकू जाईल. एवढी मजा या टेबलावर असते आणि मी चौदा वर्षं तिथं चहा मागवत होतो!

पावणेसहाला दोघंच उरलो: दादा आणि मी. सहाला खेळ थांबणार होता, ज्याच्याकडे जास्त तो जिंकणार. दादांपुढे साडेसातशे चिंचोके, माझ्यापुढे साडेचारशे. बूट वीसवर गेला होता.

“शेवटचा डाव,” मास्तरांनी जाहीर केलं आणि पानं वाटली.

दादा कायम बंद खेळत. पानं बघणं त्यांना भित्रेपणाचं वाटे. निदान पन्नास माणसं बघत असताना तरी. “आपुन बघत न्हाई बे, आपुन टाकतो,” असं म्हणून त्यांनी वीस चिंचोके टाकले. मागे त्यांचा खास माणूस गंगाधर उभा होता. त्यानं टाळी वाजवली, म्हणून दारातल्या सगळ्यांनी वाजवली.

आता मीही बंद खेळायला हवं होतं. चौदा वर्षं मी लोकांना तेच सांगत आलो होतो. पण हात राहिला नाही. मी पानं उचलली.

इस्पिक गुलाम. बदाम गुलाम. चौकट गुलाम.

ट्रेल! आणि त्याच क्षणी कळलं की मी फसलोय. पानं पाहिली, म्हणजे इथून पुढे दादा जेवढं टाकतील त्याच्या दुप्पट मला टाकायचं. ते बंद आहेत तोवर मला शो मागता येत नाही. आणि चिंचोके संपले की गुलामांसकट डाव सोडायचा. फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

मोठी चाल टाकावी का? घाबरून ते पानं बघतील? मी दादांना ओळखत होतो. लोकांसमोर घाबरवलं तर ते मरतील पण बघणार नाहीत. मी लहानात लहान चाल टाकली, चाळीस.

दादांनी न बघता चाळीस टाकले, म्हणजे दर दुप्पट. मला ऐंशी पडले. दादांनी न बघता ऐंशी टाकले. दर पुन्हा दुप्पट.

मी समोरचा ढीग मोजला. तीनशे दहा. आता चालीला एकशे साठ लागणार होते. टाकले तर दीडशे उरतात. मग दादा पुन्हा ऐंशी टाकतील, मला पुन्हा एकशे साठ लागतील, आणि मी दहा चिंचोक्यांनी कमी पडेन. दहा! हातात तीन गुलाम आणि समोर एक माणूस ज्यानं स्वतःची पानं पाहिलीसुद्धा नाहीत, तो मला उठवून घरी पाठवणार. टाकून दिलं तरी हरलो, कारण डाव शेवटचा.

“काय झालं, मॅनेजर?” दादा म्हणाले. “पुस्तकात बघून सांगतो का?”

खोली हसली. आप्पा माझ्या कानाशी वाकले. “असं तोंड कावून केलंय? कुनी वारलं का?”

मी चष्मा काढला. रुमाल काढला. काच पुसायला लागलो. उजवी काच, मग डावी, मग पुन्हा उजवी. कारण माझ्याकडे टाकण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, आणि ती चिंचोके नव्हती. वेळ होती. पाळी माझी होती, सहाला अजून सात मिनिटं होती आणि विचार किती वेळ करायचा याचा नियम फळ्यावर लिहायचा राहून गेला होता. मास्तर म्हणाले, “मॅनेजर?” मी म्हणालो, “विचार करतोय.”

आता दादांच्या माणसांचं सांगतो. त्यांना सगळं सोसतं, शांतता सोसत नाही. त्यांनी हार आणला होता, शाल आणली होती, नारळ ठेवलेलं ताट आणलं होतं, माजलगावहून फोटोग्राफर आणला होता. विजयाची एवढी तयारी झाल्यावर विजयानं उशीर करणं त्यांना अपमानासारखं वाटे.

“दादा,” फोटोग्राफर म्हणाला, “उजेड चाललाय. आन् माझी बस हाय.”

मी डावी काच पुसली.

“हा काय खेळत न्हाई आता,” गंगाधर म्हणाला. “हारल्यालं तोंड हाय त्याचं. दादा, सत्कार उरकून घेऊ. बसल्या जाग्यावरच.”

दादांना नको म्हणता येईना. आयुष्यात त्यांनी सत्काराला कधी नको म्हटलं नव्हतं. ते खुर्चीत ताठ झाले, फोटोग्राफरकडे तोंड केलं, हारासाठी मान पुढे केली. गंगाधरनं नारळाचं ताट टेबलावर ठेवायला आणलं. दादांपुढे जागा नव्हती. तिथं त्यांची तीन पानं पालथी पडली होती. गंगाधरनं एका हातात ताट तोललं, दुसऱ्या हातानं देवाचं फूल उचलावं तशी पानं उचलली, आणि उचलल्यावर त्याचा हात आपोआप त्याच्या डोळ्यांसमोर गेला.

त्याचं तोंड दसऱ्यासारखं उजळलं. “आरारारा! दादा—”

मास्तरांनी टेबलावर पट्टी आपटली. नारळ ताटात उडाला.

“गंगाधर, तोंड बंद! पानं खाली! दादा, आता तुम्ही पाहिलेले.”

“मी कुटं बघितले?” दादा मान पुढे केलेल्या अवस्थेतच म्हणाले. “माज्या आईची आन, म्या बघितले न्हाईत.”

“तुम्ही नाही, तुमच्या माणसानं बघितली. फळा वाचा.”

“लिव्हलं कुनी ते?”

“मॅनेजरनं. आणि खाली सही तुमची आहे.”

दादांनी गंगाधरकडे पाहिलं. त्या नजरेत दीडशे एकरांचा पाऊस गेल्याचं दुःख होतं. पण गंगाधर हसतच होता. हसू त्याला आवरत नव्हतं. तेच बघून माझा हात थांबला.

आता मला शो मागता येत होता. एकशे साठ टाकायचे आणि पानं उघडायची. पण गंगाधर काय बघून हसतोय? चौदा वर्षांत हे हसू मी दोनदाच पाहिलं होतं. दोन्ही वेळा पान जबर होतं. माझ्या तीन गुलामांच्या वर फक्त तीन गोष्टी असतात: तीन राण्या, तीन राजे, तीन एक्के. त्यातलंच काहीतरी असलं तर? मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि आतली कपाटं दिसत होती. मी तिकडं बघायचं टाळलं.

एकशे साठ चिंचोके मी दोन्ही हातांनी पुढे लोटले. काही घरंगळून खाली पडले.

“शो.”

गंगाधरनं परवानगीची वाट पाहिली नाही. दादांची पानं त्यानंच एकेक करून उलटवली. किलवर एक्का. किलवर राजा. किलवर राणी. एकाच रंगाची, ओळीनं, आणि त्या ओळीतली सगळ्यात मोठी. दारातून आरोळी उठली. हार दादांच्या गळ्यात पडला, शाल खांद्यावर आली, दिवा चमकला.

मी माझी पानं ठेवली. एक गुलाम, दुसरा गुलाम. आरोळी चालूच होती. तिसरा गुलाम.

आधी आप्पांना कळलं. त्यांनी टोपीच काढली आणि वर फेकली. “ट्रेल! आरं ट्रेल हाय! लई दाबून ठिवलं माणसानं!”

मास्तरांनी मोजायला सुरुवात केली. खाली पडलेले उचलून मोजले. दादांचे पाचशे नव्वद. माझे सहाशे दहा. त्यांनी दोनदा मोजलं, मग तिसऱ्यांदा, कारण मोजणं त्यांना आवडायचं. खोली वाचली होती, आणि खरं सांगायचं तर त्या मिनिटाला मला खोलीची आठवणही नव्हती. मला फक्त पुन्हा पानं हवी होती.

दादा गळ्यात हार, अंगावर शाल अशा अवस्थेतच उभे राहिले. कमालीचा माणूस. घातलेला हार काढायचा कसा, हा प्रश्न त्यांनी भाषण करून सोडवला. पंधरा मिनिटं बोलले. पुस्तकं ही समाजाची श्रीमंती आहे, केबल येईल आणि जाईल, वाचनालयाला कुणी हात लावू पाहील तर गाठ माझ्याशी आहे. टाळ्या झाल्या. जिल्ह्याच्या पेपरात तिसऱ्या दिवशी फोटो आला: हार घातलेले दादा, खाली ‘वाचनालय वाचविल्याबद्दल सत्कार’. कोपऱ्यात माझा अर्धा चष्मा दिसतो. तबकडी त्यांच्या वाड्याच्या माळवदावर बसली आणि गंगाधर महिनाभर जीपमध्ये मागच्या सीटवर बसला.

मी जिंकलो ते पानांवर की गंगाधरच्या उत्साहावर, हे मला आजही ठरवता येत नाही. पानं पाहायला नको होती हे मात्र नक्की. बंद राहिलो असतो तर चष्मा पुसावा लागला नसता. निवृत्तीनंतरही कधी कधी दुपारी पडल्या पडल्या मी तो डाव वेगळा खेळून बघतो. चाळीसच्या जागी वीस टाकतो. दर वेळी दादा काहीतरी नवीनच करतात.

पुढच्याच सोमवारी मी समितीला लेखी अर्ज दिला, की व्यवस्थापकास कामाच्या वेळेनंतर सभासदांसोबत खेळण्याची परवानगी मिळावी. आमच्या बाजूच्या सहाही जणांनी होकार भरला. मग कागद दादांकडे गेला आणि दोन दिवसांनी परत आला. त्यांनी शाईच्या पेनानं, मोठ्या अक्षरात, एकाच शब्दात नकार दिला होता आणि कारणाच्या जागी लिहिलं होतं, ‘सदर इसम विचार करतो.’

नोकरीत मला मिळालेलं ते एकमेव प्रशस्तिपत्रक. जपून ठेवलं आहे.